प्रोटोकॉल खुला, तक्ता कुलपात

पाणीयोजनांच्या टेंडरमध्ये एक ओळ हमखास असते: 'सर्व यंत्रणा ओपन प्रोटोकॉलवर असावी.' लिहिणाऱ्या साहेबांना वाटतं, आपण ठेकेदाराला बांधून टाकलं. ठेकेदार मात्र निवांत असतो. तो मॉडबस हा प्रोटोकॉल देणार असतो आणि मॉडबस १९७९ पासून जगजाहीर आहे. अट पूर्ण, बिल मंजूर.

मॉडबसचं पुस्तक कुणीही वाचावं. रजिस्टर कसं वाचायचं ते त्यात आहे. कुठल्या रजिस्टरमध्ये जॅकवेलची पातळी आणि कुठल्यात पंपाचा करंट, हे त्यात नाही; ते पीएलसीचा, म्हणजे पंप चालवणाऱ्या नियंत्रकाचा, प्रोग्रॅम लिहिणाऱ्यालाच ठाऊक. फ्लोमीटरचा ३२ बिटांचा आकडा दोन रजिस्टरांत विभागून येतो. आधी वरचा अर्धा की खालचा, यावर कंपन्यांचं एकमत नाही आणि मॉडबसनं त्यांना कधी दटावलंही नाही. क्रम चुकला की पडद्यावर प्रवाहाऐवजी भलतंच काहीतरी उमटतं. शिवाय कागदावर जे ४०००१, ते तारेवर शून्य. हा सगळा उलगडा ज्या चार-पाच पानांच्या तक्त्यात असतो, तो मागून बघा. 'सर, ती आमची बौद्धिक संपदा आहे.' टाकीच्या पातळीत कसली आलीय बौद्धिक संपदा? टाकी पालिकेची, पाणी पालिकेचं, पैसा पट्टी भरणाऱ्यांचा!

देखभालीचा करार (एएमसी) संपला की खरा खेळ सुरू होतो. नवा ठेकेदार पॅनेल उघडतो, तर पीएलसीला पासवर्ड. मग जुना म्हणेल तो दर द्या, नाहीतर चालता पीएलसी भंगारात घाला. तिसरी वाटही मी पाहिली आहे: ऑपरेटर पंप हातानं चालू-बंद करतात आणि स्काडाचा, म्हणजे देखरेख-यंत्रणेचा, पडदा पाहुण्यांना दाखवण्यापुरता लावतात.

यावर ठरलेलं उत्तर येतं, 'उघड केलं तर हॅकर घुसतील.' मॉडबसला मुळात कुलूपच नाही, हे खरं. डिसेंबर २०१६ मध्ये कीव्हची वीज घालवणाऱ्या प्रोग्रॅमला आयईसी १०४ हा प्रसिद्ध प्रोटोकॉल येत होता, हेही खरं. पण पुढच्याच वर्षी सौदी अरेबियातल्या पेट्रोकेमिकल कारखान्याच्या सुरक्षा-यंत्रणेत ट्रायटन हा घातक प्रोग्रॅम घुसला. तिथला ट्रायस्टेशन हा प्रोटोकॉल कंपनीनं कधीच प्रसिद्ध केलेला नव्हता. हल्लेखोरांनी तो उकलला. लपवाछपवीनं अडतो तो बिचारा कनिष्ठ अभियंता. नेटवर्क वेगळं ठेवा, पीएलसी थेट इंटरनेटवर टांगू नका, दूरचा प्रवेश बंद करा; ही कामं टाळून तक्ता दडवणं हा शुद्ध कांगावा आहे.

मानक-समित्यांकडूनही फार आशा नको. कारखान्यातली उपकरणं जोडणाऱ्या फील्डबसवर कंपन्या वर्षानुवर्षं भांडल्या आणि अखेर आयईसी ६११५८ या एकाच मानकात एकमेकांशी न बोलणारे आठ प्रकार कोंबून मोकळ्या झाल्या.

आणि कुठला आकडा कुठे मिळेल हे ठरवून देणं जमतच नाही असंही नाही. विजेच्या मीटरसाठी आयएस १५९५९ आहे. त्याप्रमाणे बनवलेला मीटर कुठल्याही कंपनीचा असो, वापरलेली एकूण युनिटं १.०.१.८.०.२५५ याच संकेतांकावर मिळतात. (मीटरमधली माहिती उघडणाऱ्या चाव्या कुणाच्या हाती, हा वाद निराळा.) विजेच्या युनिटला जे ठरवून देता आलं, ते पाण्याच्या घनमीटरला का नाही?

टेंडर लिहिणाऱ्या अभियंत्यांनो, ती एक ओळ खोडा. त्याजागी मागा: प्रत्येक रजिस्टरचा पत्ता, एकक, गुणक, शब्दक्रम, पीएलसीचा बदलता येणारा मूळ प्रोग्रॅम, सगळे पासवर्ड. चाचणीच्या दिवशी ठेकेदाराला बाहेर बसवा आणि तिसऱ्याच माणसाला नुसता तो तक्ता व एक लॅपटॉप द्या. त्याला प्रत्येक पंप, प्रत्येक टाकी वाचता आली नाही, तर फायनल बिलावर सही करू नका.