शून्य मार्क मेंदूचे की शाळेचे?

मंडळी, घृष्णेश्वराबाहेर बेलफूल विकण्यात जिंदगी गेलेल्या, शाळेचं तोंड न पाहिलेल्या आपल्या वेरूळच्या एखाद्या आजीला सांगितलं, "शंभरातून सात-सात वजा करत जा, एक वाक्य लिहा, हे दोन पंचकोन बघून काढा", तर मार्क किती पडतील?

स्मृतिभ्रंशासाठी जगभर वापरली जाणारी ही ३० गुणांची चाचणी १९७५ साली अमेरिकेत आली. लिहिता-वाचता येतं हे तिनं गृहीतच धरलंय. त्यामुळे न शिकलेलं माणूस आजार नसतानाही गुण गमावतं. आजार वाढला की त्याचे गुण लवकर तळाला जातात, मग पुढची घसरण कागदावर दिसतच नाही. शिकलेल्याचा आजार मात्र बराच काळ झाकलेला राहू शकतो.

तोडगा आपल्याच देशात निघालाय. हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांतल्या निरक्षर वृद्धांसाठी बनवलेली हिंदी चाचणी १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात वाक्य लिहायचं नाही, तोंडी सांगायचं.

माझं म्हणणं साधं आहे. रिपोर्टवर गुणांशेजारी शिक्षण लिहा. आजार खूप पुढे गेला असेल तर जेवण, अंघोळ, माणसं ओळखणं, दुखलं तर कसं कळवते, हे सांभाळणाऱ्या लेकी-सुनेला विचारा. आणि घरच्यांनो, शून्य बघून "आता हिला काही कळत नाही" म्हणत तिच्याशी बोलणं सोडू नका.

घरात असा रिपोर्ट असेल तर आजच काढून बघा, शिक्षण कुठं लिहिलंय का?