लस टोचली, कागद कुठे आहे?



दसरा झाला की आपल्या बीडमधले वाड्या-तांडे रिकामे होऊ लागतात. कोयता सांगली-कोल्हापूरकडे, नाहीतर कर्नाटकात. तान्ही मुलेही बरोबर. मुलाला लस कारखान्याच्या तळावर मिळते आणि कार्ड कोपीत कुठेतरी हरवते. मागच्या बैठकीत एकीने विचारले, "सुई टोचल्यावर लेकराला काही झालं, तर विचारायचं कुणाला?"

हा प्रश्न लसीच्या विरोधातला नाही. गोवराने, धनुर्वाताने गेलेली मुले आपल्या सासवांनी पाहिली आहेत. लसीचा गंभीर त्रास क्वचितच होतो. पण ज्या घरात होतो, त्या घराचे काय?

कोविडच्या लसीनंतर दगावलेल्या दोन तरुण मुलींचे पालक सर्वोच्च न्यायालयात गेले. नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने तिथे प्रतिज्ञापत्र दिले : लस ऐच्छिक होती, सरकार थेट जबाबदार नाही, भरपाई हवी असेल तर दिवाणी कोर्टात जा. ऐच्छिक! त्याच्या वर्षभर आधी, नोव्हेंबर २०२१ मध्ये, शेजारच्या औरंगाबाद जिल्ह्यात एकही डोस न घेतलेल्यांना रेशन आणि पेट्रोल बंद करण्याचा आदेश निघाला होता. आणि दिवाणी कोर्टात कुणाची तरी चूक सिद्ध करावी लागते. उचल फेडणारी बाई ती कशी करणार?

नसबंदीबाबत हेच सरकार वेगळे वागते. रमाकांत राय खटल्यात २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने फटकारल्यावर विमा योजना आली. २०१३ च्या योजनेत शस्त्रक्रिया फसली तर ३० हजार, आठवड्याच्या आत मृत्यू झाला तर २ लाख रुपये ठरले. रक्कम तुटपुंजीच, पण सर्जनची चूक सिद्ध करत कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागत नाहीत. अमेरिकेत १९८६ च्या कायद्याने लसीसाठीही असाच निधी उभा केला, तोही प्रत्येक डोसावरच्या करातून. साऱ्या गावाच्या भल्यासाठी आईने लेकराचा दंड पुढे केला, तर नुकसानीचा भार तिच्या एकटीवर का? बाळांच्या लसींसकट सगळ्या लसींसाठी अशी योजना आपण मागितली पाहिजे.

योजना आली तरी कागद लागेलच. लसीनंतर मूल दवाखान्यात भरती झाले किंवा दगावले, तर वैद्यकीय अधिकाऱ्याने २४ तासांत जिल्ह्याला कळवायचे असते. नोंद केली म्हणजे आपली चूक कबूल केली, असे नर्सताईंना वाटते. तसे नाही, हे त्यांना आपणच सांगायला हवे. शवविच्छेदनाला आई-बाप नाही म्हणतात. कोणत्या तोंडाने आग्रह करायचा, हे मलाही अजून जमलेले नाही. पण त्यावाचून कारण ठरणे फार कठीण जाते. जिल्हा समितीचा निष्कर्ष लेखी मागा, माहितीच्या अधिकारात मागा. वकिलाच्या फीची चिंता नको : १९८७ च्या विधी सेवा कायद्याने कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न न पाहता, वकील मोफत मिळतो.

आमच्या गटांनी यंदा ठरवले आहे : मुकादमाची गाडी भरण्याआधी प्रत्येक मुलाच्या कार्डाची झेरॉक्स आशाताईंकडे ठेवायची. पैसे बचत गटातून.