दुखत नाही तोवर

गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरवर जगात कुठंही गंभीरपणे लिहिलं गेलं की संदर्भांत एक नाव हमखास सापडतं : उस्मानाबाद. जिल्हा आता धाराशिव झाला, पण त्या पानांवर उस्मानाबादच राहणार. याच जिल्ह्यातल्या अणदुरातून निघणाऱ्या दिवाळी अंकानं त्याचा अभिमान मिरवावा का, ते वाचकांनी हे संपादकीय वाचून ठरवावं.

ऑक्टोबर १९९९ मध्ये आपल्या जिल्ह्यातल्या गावांचे ५२ गट पाडून एक मोठा अभ्यास सुरू झाला. मुंबईचं टाटा स्मारक केंद्र, बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय आणि फ्रान्समधल्या ल्योंची आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्था यांनी मिळून तो केला. तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ बायका त्यात होत्या, सगळ्या वरकरणी धडधाकट. गावांची विभागणी चार प्रकारे झाली. काही गावांत एचपीव्ही विषाणूची चाचणी, काहींत पॅप, काहींत व्हिनेगर लावून नजरेनं तपासणी, आणि उरलेल्या गावांत कसलीच तपासणी नाही. निकाल एप्रिल २००९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. एचपीव्ही चाचणी आयुष्यात एकदाच देऊ केलेल्या ३४,१२६ बायकांपैकी पुढच्या आठ वर्षांत ३४ जणी या कॅन्सरनं गेल्या. तपासणी न झालेल्या ३१,४८८ जणींपैकी ६४ गेल्या. बाकीच्या दोन पद्धतींनी मृत्यूंत ठळक फरक पडलेला दिसला नाही. पुढं जागतिक आरोग्य संघटनेनं एचपीव्ही चाचणीला पहिली पसंती दिली, तेव्हा पुराव्यांच्या थप्पीत आपल्या बायकांचे हे आकडे होते.

विनातपासणीच्या गटाला तसंच ठेवण्यावर नंतर बरीच टीका झाली, आणि ती रास्त होती असं आमचं मत आहे. पण त्याच गटातला आणखी एक आकडा इथं मांडायचा आहे. त्या बायकांत ११८ जणींना कॅन्सर निघाला, आणि त्यातल्या ८२ जणींचा आजार सापडला तेव्हाच दुसऱ्या टप्प्यात किंवा त्याच्याही पुढं गेलेला होता. या बायकांना बोलवायला कुणी गेलं नव्हतं. बहुतेक जणी त्रास वाढल्यावरच दवाखान्याची पायरी चढल्या असणार. तोवर अंगावर काढलं.

काढतातच. कारण सुरुवातीला दुखत नाही. आपल्याकडं दवाखान्यात जायची परवानगी दुखण्यानं मिळते. ताप आला, कळ आली, उठता येईना, की मग घरचे म्हणतात, चल दाखवून येऊ. छातीतली गाठ बोटाला लागते पण टोचत नाही. पाळी जाऊन चार वर्षं झालेल्या बाईला एके दिवशी पुन्हा लाल दिसतं, दोन दिवसांत थांबतं. नवऱ्याजवळ गेल्यावर रक्त जातं, ते तर सांगायचं कुणाला? जिभेच्या कडेला पांढरा चट्टा असतो, भाकरी खाता येते, मग कशाला मजुरी बुडवायची?

तोंडाचं तर इथं जरा थांबूनच सांगितलं पाहिजे. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे आणि तो कुठं मिळतो हे चौथीतल्या पोराला ठाऊक आहे. बायकांच्या मिश्रीच्या वाटेला तर ती बंदी गेलीच नाही. सुपारी-तंबाखू खाणाऱ्याच्या तोंडात पहिला बदल बहुतेकदा जेवताना कळतो. ठेचा-भाकरीवर वाढलेला माणूस एकाएकी तिखट नको म्हणायला लागतो. आमटी लागली की आग होते, मग दूध-भाकरी कालवून मागतो. घरचे म्हणतात, उष्णता झालीय. मेडिकलवाला बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या देतो. हळूहळू गाल आतून पांढरे, कडक होतात आणि तोंड पुरतं उघडेना होतं. स्वतःची तीन बोटं उभी धरून दातांच्या मधून जातात का, एवढं आरशासमोर बघायला पैसे पडत नाहीत. हा अजून कॅन्सर नव्हे, पण त्याच्या वाटेवरचा आजार आहे, आणि सुपारी-तंबाखू सोडायची ती इथंच. तोंडातली जखम किंवा चट्टा दोन आठवडे भरत नसेल, आवाज तीन आठवडे बसलेला असेल, घास अडकत असेल, शौचाला रक्त जात असेल, काही न करता वजन उतरत असेल, तर गोळ्या बदलत बसू नये. आपला खंडोबा सव्वादहा महिने अणदुरात आणि पावणेदोन महिने नळदुर्गात असतो, देव कधी हलायचा हे पोरासोरांना पाठ असतं. तोंडातली जखम कधीपासून आहे हे मात्र घरात एकालाही सांगता येत नाही.

लक्षणं सांगत फिरल्यानं काही होतं का? होतं, आणि त्याचा दाखला लांबचा नाही. १९८७ साली बार्शीला ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली, देशातली खेड्यांसाठीची पहिली. बार्शीसोबत आपल्या जिल्ह्यातले परंडा आणि भूम हे भागही तिच्यात होते. शहरात अशी नोंदणी रुग्णालयांच्या कागदांवरून होते. खेड्यात माणूस घरीच जातो, कशानं गेला ते कुठल्या कागदावर येत नाही. म्हणून नोंदणीचे कर्मचारी गावोगाव फिरले. लोकांत बसून कॅन्सरच्या खुणा सांगायच्या आणि मग विचारायचं, असं कुणाला होतंय का? मोजणीसाठी केलेलं हे बोलणं उपयोगी पडलं. डॉ. भगवान नेने, डॉ. कस्तुरी जयंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढं दाखवून दिलं की काही वर्षांतच गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या बायका आधीच्या टप्प्यावर येऊ लागल्या. त्यात नवं औषध नव्हतं, नवं यंत्रही नव्हतं.

खरं तर लक्षण दिसणं हीच उशिराची वेळ. एचपीव्हीची लागण झाल्यापासून कॅन्सर होईपर्यंत बहुधा दहा-पंधरा वर्षं जातात, आणि चाचणी त्या शांत वर्षांत धोका पकडते. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या तीस ते एकोणपन्नास वयाच्या बायकांपैकी ही तपासणी कधीतरी झालेल्या निघाल्या १.९ टक्के. शंभरात दोनसुद्धा नाहीत. ज्या जिल्ह्यानं जगाला ही चाचणी पटवून दिली, तिथल्या बाईलाही उपकेंद्रात ती सहज मिळावी, ही मागणी आम्ही करतोच आहोत. मिळेपर्यंत हातात लक्षणंच आहेत.

आशाताईंकडं तिशीपुढच्या प्रत्येकासाठी सीबॅक नावाचा एक फॉर्म असतो. त्यात हे सगळे प्रश्न आहेत : स्तनात गाठ, स्तनाग्रातून रक्त, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्तस्राव, संबंधानंतर रक्तस्राव, घाण वासाचं अंगावरून जाणं. आता चित्र डोळ्यांसमोर आणा. ओसरीवर सासू शेंगा फोडतेय, दीर मोबाइल बघत बसलाय, आणि आशाताई सुनेला विचारतेय, संबंधानंतर रक्त जातं का? सून म्हणणार, नाही. रकान्यात ‘नाही’ची खूण. हा प्रश्न न्हाणीघरामागं, धुणं धुताना, चुलीपाशी विचारायचा असतो, आणि तो त्याच गावात नांदणारी बाईच विचारू शकते. डॉ. शशिकांत अहंकारी यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशननं इथं अणदुरात गावातल्याच बायकांना शिकवून ‘भारतवैद्य’ केलं, ते याच कारणानं आम्हाला मोठं काम वाटतं.

भीतीचा धंदा होतो, तेही सांगायला हवं. २०१९ मध्ये शेजारच्या बीड जिल्ह्यात ८२ हजारांहून अधिक ऊसतोड बायकांची पाहणी झाली, तेव्हा १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. अनेकींची तिशीसुद्धा उलटलेली नव्हती. पांढरं जातंय म्हणून आलेल्या बाईला सांगायचं, पिशवी काढ, नाहीतर कॅन्सर होईल. पांढरं जाणं बहुतेक वेळा साध्या जंतुसंसर्गानं असतं आणि औषधानं बरं होतं. स्तनातल्या बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात. लक्षण म्हणजे तपासून घ्यायचं कारण, आजाराचा निकाल नव्हे. तुकडा तपासल्याशिवाय ‘कॅन्सर आहे’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नये, आणि न तपासता ‘काही नाही’ म्हणणाऱ्यावरही नाही.

दिवाळीत लेकी माहेरी येतात, पाठीला तेल-उटणं लावताना आईशी जे बोलतात ते सासरी बोलत नाहीत. आणि दिवाळीच्या आगेमागे टोळ्या कारखान्यांकडं निघतात. आज लागलेली गाठ तशीच उसाच्या फडात गेली तर परत यायला उन्हाळा लागतो. सोलापूर किंवा बार्शीची एक खेप टोळी हलण्याआधी झालेली बरी. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात. एसटीचं भाडं आणि बुडालेली हजेरी बसत नाही, हे आम्हालाही कळतं.

या अंकाच्या मागच्या मुखपृष्ठासाठी यंदा एका सुपारी-मसाल्याची जाहिरात आली होती, आणि दरही बरा होता. ती परत केली. त्या जागी आशाताईंच्या फॉर्ममधले प्रश्न मोठ्या अक्षरांत छापले आहेत, पान फाडून न्हाणीघराच्या दाराला आतून चिकटवता येईल असे. छपाईत त्यामुळं खड्डा पडला आहे, तेव्हा वर्गणीदारांनी नव्या वर्षाची वर्गणी वेळेवर पाठवावी.