एकट्याची तबकडी आणि दहाजणांचे हात

गेल्या पंधरवड्यात माझ्याकडे सतार शिकणाऱ्या एका मुलाने शिकवणी संपल्यावर विचारले, ''सर, बीटल्समधल्या जॉर्ज हॅरिसनच्या पहिल्या 'सोलो' आल्बममध्ये सतार वाजवतंय कोण?'' प्रश्नाला निमित्त होते. बीटल्सच्या चौघांवर चार स्वतंत्र चित्रपट निघणार असून ते एप्रिल २०२८ मध्ये दाखविण्याचा बेत आहे, असे २०२५ साली जाहीर झाले. तेव्हापासून तरुण मंडळींत या चौकडीची चर्चा पुन्हा सुरू झाली आहे. मी उत्तर दिले, ''एकट्याची आहे ना तबकडी? मग वाजवणारे दहाजण असणारच!'' मुलगा हसला; पण घरी आल्यावर माझे मलाच ते उत्तर बोचत राहिले.

या तबकडीचे नाव 'वंडरवॉल म्युझिक'. ती नोव्हेंबर १९६८ मध्ये इंग्लंडात निघाली. बीटल्सपैकी कोणीही स्वतःच्या नावाने काढलेली ही पहिली लांब तबकडी आणि त्यांच्या 'ॲपल' कंपनीचीही पहिलीच. 'वंडरवॉल' नावाच्या एका चित्रपटासाठी हे संगीत केलेले होते. दिग्दर्शक जो मॅसो याने, जे द्याल ते वापरीन, असे वचन दिल्यावर हॅरिसन हातात घड्याळ घेऊन चित्रपट पाहत बसला आणि कोठे किती सेकंदांचे संगीत हवे याची टिपणे त्याने केली. काही भाग त्याने लंडनला मुद्रित केला आणि हिंदुस्थानी वाद्यांच्या भागासाठी जानेवारी १९६८ मध्ये तो मुंबईस आला.

मुंबईत फोर्ट भागात, कचेऱ्यांच्या इमारतीत वरच्या मजल्यावर, एच.एम.व्ही.ची मुद्रणाची खोली होती. बाहेरचा आवाज पुरता अडत नसे. हॅरिसनने पुढे सांगितले आहे की, साडेपाचला कचेऱ्या सुटल्या म्हणजे जिन्यावरच्या पावलांमुळे काम थांबवावे लागे. आणि कान देऊन ऐकले तर तबकडीत टॅक्सीही ऐकू येतात. ग्रामोफोन कंपनीचे भास्कर मेनन यांनी या कामासाठी कलकत्त्याहून दोन मार्गिकांचे यंत्र मागविले. अशा खोलीत सरोदवर आशिष खाँ, तबला-पखवाजावर महापुरुष मिश्र, संतूरवर शिवकुमार शर्मा, सतारीवर शंभू दास व इंद्रनील भट्टाचार्य, तारशहनाईवर विनायक व्होरा, बासरीवर एस. आर. केंकरे, हार्मोनियमवर रिजराम देसाड, शिवाय शहनाईवाले, अशी मंडळी जमली. 'केंकरे' हे आडनाव वाचून आपल्याकडील वाचकांचे कान टवकारतील, माझेही टवकारले.

आशिष खाँ हे मैहर दरबारचे उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांचे नातू. वडील अली अकबर खाँ जोधपूर दरबारी होते. म्हणजे संस्थानांच्या आश्रयाने वाढलेली विद्या, संस्थाने बुडाल्यावर वीस वर्षांच्या आत, विलायती पोराच्या चित्रपटासाठी एका गजबजलेल्या माडीवर वाजत होती. याचे हसू यावे की रडू, हे ज्याचे त्याने ठरवावे.

संगीत म्हणून ही तबकडी कशी आहे? एकूण एकोणीस तुकडे; बहुतेक लहान. 'गत कीरवाणी' सव्वा मिनिटात आटोपते. आलापाला सवड नाही, रागाची बढत नाही. आपल्या रसिकाला हे घोटभर पाणी दाखवून पेला काढून घेतल्यासारखे वाटेल. पण तारशहनाईचा विलाप आणि सरोदवर सरोद चढवून केलेले आशिष खाँचे वादन ऐकावे. तेथे हात शिकलेला आहे, हे लपत नाही. मला हॅरिसनचा खरा मोठेपणा वेगळ्याच गोष्टीत दिसतो. रविशंकरांकडे तो सतार शिकत होता. स्वतःची सतार पुढे करून मिरविण्याचा मोह सहज झाला असता. पण वेष्टनावरील वादकांच्या यादीत त्याचे नावच नाही. रचना आणि निर्मिती एवढेच त्याचे. वाद्ये त्याने वाजवणाऱ्यांच्या हाती सोडली.

आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, वेष्टनावर त्या वादकांची नावे छापली. अक्षरे काही ठिकाणी इकडची तिकडे झाली आहेत, पण नावे आहेत. हे किरकोळ वाटेल, म्हणून मागचा-पुढचा हिशोब पाहू. १९६६ च्या 'रिव्हॉल्व्हर' तबकडीवर तबलजी अनिल भागवत यांचे नाव आले, सतारियाचे आले नाही. १९६७ च्या 'सार्जंट पेपर'मध्ये हॅरिसनच्या गाण्याला लंडनमधल्या हिंदी वादकांनी साथ केली. वेष्टनावर एकाचेही नाव नाही. याच मुंबई मुक्कामात 'द इनर लाइट' या गाण्याचे वाद्यसंगीत मुद्रित झाले, त्यात हरिप्रसाद चौरसियांची बासरी आहे. मार्च १९६८ मध्ये ते बीटल्सच्या लहान तबकडीच्या मागल्या बाजूस निघाले, तेव्हाही वादक निनावी. खोली तीच, महिना तोच. एकीकडे नाव आहे, दुसरीकडे नाही. म्हणजे नाव छापणे अशक्य नव्हते. कोणाला ते आठवले, कोणाला आठवले नाही, एवढाच फरक.

हे सारे मी परक्यांच्या अंगणात उभा राहून सांगतो आहे, असे कोणी समजू नये. माझे वडील वयाच्या चौदाव्या वर्षी आजोबांबरोबर बडोद्याच्या कलावंत कारखान्यात सारंगीवर लागले. मी त्यांचे उतारवयातले शेंडेफळ. १९४९ मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि त्यांची नोकरीही गेली. ते सांगत, दरबारात मान कमी-अधिक असे, पण वहीत तानपुऱ्यावर बसणाऱ्याचेही नाव असे. पुढे एका मोठ्या गवयाच्या तबकडीला त्यांनी सारंगीची साथ केली. मजुरी मिळाली. तबकडी आली तेव्हा घरी पेढे आणले होते. वेष्टनावर गवयाचे नाव होते, तबलजीचे होते, सारंगीचे नव्हते. वडील काही बोलले नाहीत. तबकडी मात्र त्यांनी कधी लावली नाही.

आज कायदा त्यांच्या बाजूचा आहे. आपल्याकडे वादक-गायकांचे हक्क कॉपीराइट कायद्यात १९९४ मध्ये आले, आणि २०१२ च्या दुरुस्तीने आपल्या कलेचा कर्ता म्हणून ओळखले जाण्याचा हक्कही कलाकाराला मिळाला. पण व्यवहार उलटा चालला आहे. तबकडीला निदान मागची बाजू होती. आता फोनच्या पडद्यावर एक चित्र आणि एक नाव. साथीदार शोधायचा तर आणखी दोन-तीनदा बोट लावावे लागते, आणि तेथेही ज्यांची नावे कोणी भरून पाठविली तेवढीच सापडतात. बाजाराला एक नाव विकणे सोपे जाते, हे खरे. हॅरिसनचे नाव नसते तर ही तबकडी ऐकली कोणी असती, असे विचारणारेही चुकत नाहीत. परंतु नावाने गिऱ्हाईक आले म्हणून हातांचे श्रेय त्या नावाला जात नाही.

शिवकुमार शर्मा मे २०२२ मध्ये गेले, आशिष खाँ नोव्हेंबर २०२४ मध्ये. ती खोली आठवणारे आता थोडे उरले आहेत. पण वेष्टन बोलते आहे.

शेवटी कबुली. गेल्या वर्षी माझ्या क्लासाच्या वार्षिक कार्यक्रमाच्या पत्रिकेत माझे नाव ठळक होते, तबलजीचे बारीक होते, आणि तानपुऱ्यावर बसलेल्या दोन मुलींचे मुळीच नव्हते. जागा पुरली नाही, असे मी तेव्हा स्वतःस सांगितले. यंदाच्या पत्रिकेत पहिली ओळ त्यांच्या नावांची आहे; माझे नाव खाली, जागा उरली तर.