जेसीबी गेल्यावर पाणी कोण मोजणार?

नाला खोलीकरण झालं की फोटो जेसीबीचा निघतो, नारळ फोडणाऱ्याचा निघतो. माथ्यावर उन्हात समतल रेषा आखणारं पोरगं त्यात नसतंय. विहिरीत टेप सोडून पाणी किती खाली गेलं ते वहीत लिहिणारी ताईही नसते. पाण्याच्या संस्था खरं तर ह्याच माणसांवर चालतात.

आपल्या तालुक्यात सगरोळीचं संस्कृती संवर्धन मंडळ १९५९ पासून आहे. कृषी विज्ञान केंद्र त्यांचंच. १९९३ ला सुरू झालेली वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट ही संस्था तर गावातल्याच पोरांना जलसेवक म्हणून तयार करते. ते गावाला पाण्याचा ताळेबंद मांडायला शिकवतात. हिशोब सोपा आहे: १ हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर पाणी. पडलं किती, वाहून गेलं किती, मुरलं किती, हे पाहूनच रब्बीत काय पेरायचं ते ठरवायचं.

पण प्रकल्पाला मुदत असते, अन् कार्यकर्त्याचा पगार त्यालाच बांधलेला. मुदत संपली की माणूस जातो, वही बंद पडते, बंधाऱ्यात गाळ साचतो. मग आपणच म्हणतो, "संस्थेनं काय केलं?"

माझं मत स्पष्ट आहे. ग्रामसभेत ठराव घ्या. गावातलं एक पोरगं, एक पोरगी नेमा. मानधन ग्रामपंचायतीनं द्यावं. पावसाळा सरल्यावर एकदा अन् मे महिन्यात एकदा विहिरी मोजा, आकडे चावडीवर लावा. पाणी आपलं म्हणता ना? मग ते मोजणारा माणूसही आपणच सांभाळायचा.