मागल्या बाकावरचा नटराज

गणपतीतले देखावे पाहायला जायचे म्हटले की माझ्या कपाळाला आठ्या पडतात. ती गर्दी, ते कर्णे, तो चिखल! पण यंदा सौ.च्या आग्रहापुढे माझे काही चालले नाही आणि चिंचवडगावातल्या एका मंडळापुढे आम्ही तासभर ताटकळलो.

पडदा सरला. समोर नटराज. उजव्या पायावर उभा, डावा उचललेला, अंगाला रुपेरी रंग. मला वाटले, मूर्तीच आहे. इतक्यात डमरू घुमला आणि मूर्ती नाचू लागली. नाचता नाचता थबकली, ती निवेदन संपेपर्यंत. पापणीसुद्धा हलली नाही.

"अहो, हा तुमच्या वर्गातला ना?" सौ. कुजबुजली.

तोच! सकाळच्या तासाला मागल्या बाकावर हटकून झोपणारा. चारच दिवसांपूर्वी मी त्याला सर्वांदेखत 'कुंभकर्ण' म्हणून वर्गाबाहेर काढले होते.

खेळ संपल्यावर मी मागे गेलो. तो घाईघाईने रंग पुसत होता.

"सर, बस चुकेल. चाकणला तिसरी पाळी आहे."

"आणि सकाळी?"

"सकाळी तुमचा तास."

नाट्यशास्त्राच्या चौथ्या अध्यायात 108 करणे सांगितली आहेत. करण म्हणजे हात आणि पाय यांची मिळून होणारी हालचाल. चिदंबरमच्या गोपुरांत ती कोरलेली आहेत. पण दगडात हालचालीचा एकच क्षण मावतो. त्याच्या मागचा आणि पुढचा क्षण हुडकून नर्तिका पद्मा सुब्रह्मण्यम् यांनी ती करणे पुन्हा नाचून दाखवली. आपल्या साताऱ्याच्या नटराज मंदिरातली करणशिल्पे त्यांच्याच अभ्यासातून घडली. शिल्पातून नृत्य, आणि नृत्यातून पुन्हा शिल्प!

हे मी वर्गात दरवर्षी रंगवून सांगतो. आणि या पोराचा मात्र मी एकच क्षण पाहिला होता: मिटलेले डोळे. त्याच्या मागची रात्रपाळी मला कधी दिसलीच नाही.

दुसऱ्या दिवशी तो आला. कानामागे रुपेरी रंग तसाच होता. अपमान वर्गासमक्ष केला होता, तेव्हा माफीही वर्गासमक्षच मागायची, असे ठरवून मी हजेरीपट मिटला आणि मान वर केली. स्वारी झोपली होती!

मी आवाज खाली आणला आणि शिकवू लागलो. माफी मागितली, ती तास संपताना, तो जागा झाल्यावर.