मुस्तफा विकत मिळत नाही

दुसरा डाव : गेम, सिनेमा आणि चाहत्यांच्या जगाचं साप्ताहिक सदर

जुन्या गेमचा धंदा सध्या तेजीत आहे. मारिओने 2025 मध्ये चाळिशी गाठली आणि निन्टेन्डोने त्याचे जुने खेळ पुन्हा झाडूनपुसून बाजारात मांडले. त्याआधी 2023 मध्ये आलेल्या त्याच्या सिनेमाने जगभरात 130 कोटी डॉलरहून जास्त गल्ला जमवला होता. ‘कॉन्ट्रा’चे जुने भाग कोनामीने 2019 मध्येच एका संचात बांधून विकायला काढले. ‘स्ट्रीट फायटर’ नव्या वेष्टनात कितीदा विकून झाला, याचा हिशोब तर चाहत्यांनीही सोडून दिलाय. खिशात चार पैसे आहेत, पण हातात वेळ अजिबात नाही, असा चाळिशीतला माणूस हे या धंद्याचं हक्काचं गिऱ्हाईक. मीही त्यातलाच.

पण या भरलेल्या दुकानात आमच्या पिढीच्या पार्लरबाज पोरांचा लाडका खेळ मात्र सापडत नाही. संपलाय म्हणून नव्हे. तो घरी खेळण्यासाठी अधिकृतपणे कधी विकायला आलाच नाही. कॅपकॉम या जपानी कंपनीने 1993 मध्ये काढलेल्या त्या आर्केड गेमचं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’. हे नाव वाचून ज्यांच्या डोक्यात काहीच हललं नाही, त्यांच्यासाठी : मुस्तफा.

आता बघा कसे सरसावून बसलात.

मूळ कथा अमेरिकन चित्रकार मार्क शुल्ट्झ यांच्या ‘झेनोझोइक टेल्स’ या 1987 पासून निघालेल्या कॉमिकमधली. निसर्गाच्या प्रकोपामुळे माणसं जमिनीखाली जातात, कित्येक शतकांनी वर येतात, तर पृथ्वीवर पुन्हा डायनोसॉर हिंडतायत. त्यात जॅक टेनरेक नावाचा एक मेकॅनिक जुन्या कॅडिलॅक गाड्या दुरुस्त करून पळवतो. कॅपकॉमच्या खेळात चार पात्रं होती : जॅक, हॅना डंडी, मुस्तफा कैरो आणि मेस ओब्राडोविच. नायक अर्थातच जॅक. पण तो सगळ्यात मध्यम. हॅना हत्यारं वापरण्यात तरबेज, मेस धिप्पाड आणि मंद, आमच्या गल्लीत त्याला नुसतं ‘जाड्या’ म्हणत. मुस्तफा सगळ्यात चपळ. पिवळी टोपी, लांब ढांगा आणि धावत येऊन हाणलेली ती लाथ. पडद्याच्या या टोकाकडून त्या टोकापर्यंत माणसं आडवी व्हायची.

नायक बाजूला पडला आणि मेकॅनिकचा जोडीदार अख्ख्या खेळाचं नाव झाला. हे फक्त आपल्याकडेच घडलं असं नाही, पाकिस्तानातही हा खेळ मुस्तफाच. मला याचं कारण सोपं वाटतं. पडद्यावर केन, रायन, बिल, जॅक अशी नावं रोज दिसत असताना एक नाव असं होतं की त्या नावाचा कुणीतरी दोन बाकांपलीकडे बसायचा.

पार्लरमध्ये रुपयाला एक डाव. मालक गल्ल्यावर, पोरं मशिनला चिकटलेली, आणि खेळणाऱ्यापेक्षा मागे उभं राहून सल्ले देणारे जास्त. खेळात तिघांची सोय होती, पण आमच्याकडच्या मशिनला जॉयस्टिक दोनच. त्यामुळे तिसऱ्याने पैसे असूनही नुसतं ‘अरे पिंप फोड, त्यात खायला असतं’ एवढंच ओरडायचं. मार आणि उडी ही दोन बटणं एकदम दाबली की सुटका व्हायची, पण त्यात स्वतःचीच थोडी शक्ती जायची, हा व्यवहार दहा वर्षांच्या पोरांना तोंडपाठ होता. दुसऱ्या स्टेजचा बुचर, हातातली पाती फिरवत अंगावर येणारा, त्याने किती जणांचे खाऊचे पैसे गिळले असतील कुणास ठाऊक. तिसऱ्या स्टेजला मात्र खुद्द कॅडिलॅक चालवायला मिळायची. आमच्यातल्या बहुतेकांनी आयुष्यात चालवलेली कॅडिलॅक तेवढीच.

आणखी एक गोष्ट तेव्हा लक्षात आली नव्हती. या खेळात डायनोसॉर हे शत्रू नाहीत. शत्रू आहेत ते त्यांना मारून विकणारे चोरटे शिकारी. डायनोसॉर बिथरतो तो मार बसला म्हणून. ‘ज्युरासिक पार्क’च्या वर्षी आलेल्या खेळाने असली भूमिका घ्यावी, हे मला आजही भारी वाटतं.

मग एवढा लाडका खेळ मिळत का नाही? उत्तर कंटाळवाणं आहे : परवाने. खेळ कॅपकॉमचा, पात्रं शुल्ट्झ यांची, आणि शीर्षकातलं कॅडिलॅक हे नाव जनरल मोटर्सचं. ज्यांचा तळेगावचा कारखाना 2020 च्या अखेरीस बंद पडला, तेच. खेळ आला त्याच वर्षी अमेरिकेत याच कॉमिकवर टीव्हीची कार्टून मालिका आली, ती तेरा भागांत आटोपली. मालिका गेली, कॉमिक थांबलं, आणि तीन मालकांच्या सह्या एका कागदावर आणण्याची कुणाला घाई उरली नाही. कॅपकॉमने 2018 मध्ये आपल्या मारामारीच्या सात जुन्या खेळांचा संच काढला. त्यात ‘फायनल फाइट’ होता, ‘कॅप्टन कमांडो’ होता, मुस्तफा नव्हता.

तरीही परवान्यांचं कारण मी पूर्ण मानत नाही. 1993 मध्येच, जवळपास त्याच यंत्रावर, कॅपकॉमने मार्व्हलच्या ‘पनिशर’चा खेळ काढला होता. तोही परक्याच्या पात्रावर बेतलेला, तोही वर्षानुवर्षं अडकलेला. सप्टेंबर 2024 मध्ये तो मार्व्हलच्या इतर खेळांबरोबर रीतसर विकायला आला. म्हणजे सह्या मिळतात. मागे गिऱ्हाईक दिसलं की मिळतात.

इथे आपली गोची आहे. गिऱ्हाईक म्हणून आपण कुणाला दिसतो? आपल्याकडच्या पार्लरमधले सगळे बोर्ड अस्सल नव्हते. नकली बोर्डांचा सुकाळ होता, आणि त्यांच्यात टाकलेल्या रुपयातली पै सुद्धा कॅपकॉमच्या ओसाकाला पोहोचली नाही. घरातल्या टीव्हीला जोडायच्या यंत्रांचीही तीच गत. निन्टेन्डोच्या 1983 च्या जपानी फॅमिकॉममध्ये परकी कॅसेट अडवणारी चिप नव्हती, मग तैवान आणि चीनमध्ये त्याच्या नकला धडाधड निघाल्या, आणि ‘9999999 इन 1’ लिहिलेल्या पिवळ्या कॅसेटी आपल्या घरी आल्या. खेळ मोजकेच, बाकी तेच ते उलटसुलट क्रमाने. मारिओ आणि कॉन्ट्रा आपल्याला ओळखीचे झाले ते तिथून. ज्या चोरीमुळे हे खेळ आपल्यापर्यंत पोहोचले, त्याच चोरीमुळे मूळ कंपन्यांच्या वह्यांत आपल्या नावापुढे शून्य लागलं. लाखो पोरं ज्या खेळापुढे रांगा लावून उभी होती, त्याची मागणी कागदावर कुठेच नाही.

चोरीची दुसरी बाजूही सांगायला हवी. कॅपकॉमने नकला रोखायला या खेळाच्या अस्सल बोर्डात आवाज सांभाळणारी चिप कुलूपबंद केली होती, आणि त्या कुलपाची किल्ली एका छोट्या बॅटरीच्या जिवावर टिकून असायची. बॅटरी संपली की किल्ली पुसली जाते आणि आवाजाचा प्रोग्राम कुणालाच वाचता येत नाही. म्हणजे अस्सल माल आपोआप मुका होण्याची सोय कंपनीनेच करून ठेवलेली. नकली बोर्डवाल्यांनी ती भानगडच काढून टाकली. आवाज भिकार, पण खेळ चालू.

पुढे 1997 मध्ये निकोला साल्मोरिया या इटालियन प्रोग्रामरने ‘मेम’ सुरू केलं. जुन्या आर्केड यंत्रांचं वागणं साध्या कॉम्प्युटरवर हुबेहूब उभं करणारं हे सॉफ्टवेअर. जगभरच्या हौशी मंडळींनी पदरमोड करून बोर्ड विकत घेतले, चिपा वाचल्या, कुलपं उलगडली. मुस्तफा आपल्याकडच्या सायबर कॅफेत आणि मग घरोघरच्या कॉम्प्युटरवर पोहोचला तो अशाच वाटांनी. मूळ आवाजासकट तो आज ऐकता येतो, याचं श्रेय हक्क सांगणाऱ्या कुठल्याही कंपनीला जात नाही.

ही एका खेळाची रड नाही. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने 2023 मध्ये पाहणी केली, तर तिथे 2010 पूर्वी निघालेल्या खेळांपैकी 87 टक्के आज बाजारात मिळत नाहीत. निदान संशोधकांना असे खेळ ग्रंथालयातून घरबसल्या उघडून पाहू द्या, अशी मागणी झाली. ऑक्टोबर 2024 मध्ये अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने ती नाकारली. उद्योगाचा विरोध होताच, आणि भीती काय, तर लोक अभ्यासाच्या नावाखाली चक्क खेळत बसतील! पुस्तक वाचताना कुणाला मजा आली तर ग्रंथालय त्याला दंड करत नाही.

आपल्याकडे तर अशी मागणी झाल्याचंही निदान माझ्या ऐकिवात नाही. सिनेमाच्या बाबतीत आपण हे सगळं भोगलेलं आहे. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय 1964 मध्ये उभं राहिलं, तोवर मूकपटांचा बहुतेक खजिना गेलेला होता. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ सुद्धा पूर्ण उरला नाही. पी. के. नायर यांनी तिथे चांगलं-वाईट न ठरवता मिळेल ते रीळ गोळा केलं, म्हणून जे वाचलं ते वाचलं. लॉ कॉलेज रोडवरच्या त्या संस्थेच्या एखाद्या खोलीत दोन पार्लर मशिन, चार पिवळ्या कॅसेटी आणि एक नकली बोर्ड ठेवायला काय हरकत आहे? नकली बोर्ड मुद्दाम म्हणतोय. आपला खरा इतिहास त्यातच आहे, आणि तो जपान्यांच्या कुठल्याही संग्रहालयात सापडणार नाही.

कॅपकॉमला मात्र माझं सांगणं वेगळं आहे. ‘पनिशर’साठी केलीत तशी एक खटपट याच्यासाठीही करा. मी किंमत मोजायला तयार आहे, तेव्हाचे राहिलेले रुपये धरून. अटी तीनच. आवाज मूळचा हवा. तिघांना ऑनलाइन खेळता आलं पाहिजे, कारण आमचा मागे उभा राहून ओरडणारा तिसरा आता परदेशात असतो आणि त्याला अजून जॉयस्टिक मिळालेली नाही. आणि मुखपृष्ठावर मुस्तफा पुढे घ्या. जॅकला मागे कुठेतरी उभा करा, त्याला सवय आहे.